डोंबिवली स्टेशनवर सापडलेली संख्या

शहाडहून मुंबईच्या दिशेने निघाले की पहिले कल्याण, मग ठाकुर्ली आणि तिसरे डोंबिवली. आपल्यापैकी निम्म्या लोकांनी कॉलेजची आणि नोकरीची वर्षे याच पट्ट्यात उभ्याने काढली. डोंबिवलीची गर्दी, तिथले नाट्यवेडे लोक, गुढीपाडव्याची स्वागतयात्रा हे सगळे आपल्या परिचयाचे आहे. पण गणिताच्या जगात संख्यांच्या एका कुळाला डोंबिवलीचे नाव आहे, आणि ते नाव एका शाळामास्तराने दिले आहे, हे आपल्या बॅचमधल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हणतात. त्यांतली सर्वांत देखणी संख्या सतरा अंकी आहे:

१२३४५६७८९८७६५४३२१

संपादक मंडळाने शाळेच्या आठवणी मागवल्या होत्या. त्या इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मधल्या सुट्टीतले वडापाव आणि स्नेहसंमेलनातली फजिती यांना या स्मरणिकेत तोटा पडणार नाही, याची मला खात्री आहे. मी मात्र या एका संख्येचा आणि तिच्या मागच्या माणसाचा इतिहास सांगणार आहे. दहावीनंतर ज्यांनी गणिताला कायमचा रामराम ठोकला, त्यांनी पान उलटू नये. इथे गुणाकार, बेरीज आणि हातचा यांच्यापलीकडे काही नाही.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरे की खोटे हा वाद बाजूला ठेवू, पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड पक्की लागते, आणि मुलाला आकड्यांची गोडी लागली ती तिथूनच. माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे केलेल्या गणिती कामासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक असे, ते १९२७ साली कापरेकरांना मिळाले. १९२९ साली बी. एस्सी. झाले. पुढची पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही. १९३० साली नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ साली तिथूनच निवृत्त झाले. बत्तीस वर्षे एकच गाव आणि एकच काम.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. ठाण्याहून देवळालीला रेल्वेने जायचे तर डोंबिवली, कल्याण, मग आपले शहाड, आंबिवली, टिटवाळा करत कसाऱ्याचा घाट चढावा लागतो. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आलेली ही लाइन तेव्हा जी. आय. पी. रेल्वेची होती. तिची मध्य रेल्वे झाली ती १९५१ साली. मुंबईपासून तीस मैलांवरच्या ज्या स्टेशनाचा उल्लेख कापरेकर ‘डेम्लो’ असा करतात, ते म्हणजे आजचे डोंबिवली. या संख्यांचा अभ्यास करावा ही कल्पना त्यांना तिथे सुचली, म्हणून त्यांनी स्टेशनाचे नाव संख्यांना देऊन टाकले. दुसऱ्या कुणी एखाद्या थोर गणितज्ञाचे नाव दिले असते, निदान स्वतःचे तरी. मला हा माणूस आवडायला लागला तो इथपासून.

आता मूळ गोष्ट. कागद-पेन्सिल घ्या आणि १११ ला १११ ने गुणा. कॅल्क्युलेटर नको, सरांनी फळ्यावर शिकवली तशी उभी मांडणी करा.

१११
१११०
१११००

तीन ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता स्तंभांची बेरीज करा. एकक स्थानी एकच १ आहे. दशक स्थानी दोन, शतक स्थानी तीन, पुढे पुन्हा दोन आणि शेवटी एक. उत्तर १२३२१. जिना चढला आणि उतरला. चार एक घेतले तर १२३४३२१, पाच घेतले तर १२३४५४३२१. एक-एक वाढवत नऊ एकांपर्यंत गेलो की १११११११११ चा वर्ग येतो तो वर दिलेला सतरा अंकी आकडा. उलटा वाचा, सुलटा वाचा, तोच. कापरेकरांनी १, १२१, १२३२१ पासून या संख्येपर्यंतच्या नऊ जणींना ‘वंडरफुल डेम्लो’ म्हटले.

ही संख्या वाचायची कशी? आपल्या रोजच्या पद्धतीने स्वल्पविराम टाकले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ असे लिहावे लागते. कोटीपर्यंतच नावे वापरायची ठरवली तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त मात्र यासाठी प्रशस्त जागा आहे. त्यात एकं, दशं, शतं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना स्वतंत्र नावे आहेत. आपल्या संख्येचा पहिला १ बसतो तो सतराव्या, ‘मध्य’ नावाच्या स्थानी. परार्धाला एकच घर उरते. सतरा अंक किती मोठे असतात याचा अंदाज हवा असेल तर इतके सेकंद मोजून पाहा. सुमारे एकोणचाळीस कोटी वर्षे लागतील. कसाऱ्याच्या घाटातला काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. म्हणजे सह्याद्री अजून झालाच नव्हता तेव्हा मोजायला बसावे लागेल.

पण मोठेपणा हा काही हिचा गुण नव्हे. एकापुढे सतरा शून्ये ठेवली की याहून मोठी संख्या कुणीही लिहील. हिचा गुण आतल्या बांधणीत आहे, आणि कापरेकरांची नजर तिकडेच होती. नुसत्या डाव्या-उजव्या सारखेपणावर ते थांबले नाहीत. त्यांनी संख्येचे तीन भाग पाडले: डोके, धड आणि शेपूट. १२३२१ मध्ये डोके १२, धड ३, शेपूट २१. डोके आणि शेपूट यांची बेरीज ३३, आणि धडातही ३. १२३४३२१ घ्या: १२३ अधिक ३२१ म्हणजे ४४४, धडात ४. सतरा अंकी संख्येत १२३४५६७८ अधिक ८७६५४३२१ बरोबर ९९९९९९९९, आणि मध्ये ९ बसलेलाच आहे. बेरजेत जो अंक ओळीने येतो, तोच अंक धडात आढळणे ही डेम्लो संख्येची खरी खूण.

ही खूण धरली की मग उलटसुलट सारखे असण्याची अट गळून पडते आणि कुळ एकदम मोठे होते. उदाहरणार्थ २५५३. डोके २, शेपूट ३, बेरीज ५, आणि धडात दोन ५. ही संख्या आली कुठून? २३ ला १११ ने गुणा, २५५३ येते. आता २३ च्या जागी अशी कुठलीही दोन अंकी संख्या घ्या जिच्या अंकांची बेरीज दहाच्या आत आहे, आणि १११ च्या जागी अकरा, अकराशे अकरा, हवे तितके एक घ्या. हे वाचताना हात शिवशिवले तर थांबू नका, करून पाहा. ४५ गुणिले ११११ तोंडी सांगता येईल: ४, मग तीन ९, मग ५. म्हणजे ४९९९५. घरी नातवंडे असतील तर त्यांच्यासमोर करून दाखवा, तुमचा भाव वधारेल.

या कामाची पद्धतशीर मांडणी करणारा लेख मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये नोव्हेंबर १९३९ मध्ये छापून आला. तो के. आर. गुंजीकर आणि कापरेकर या दोघांच्या नावावर आहे.

पुढच्याच वर्षी, १९४० साली, इंग्लंडमध्ये जी. एच. हार्डी यांचे ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ हे पुस्तक आले. रामानुजनला केंब्रिजला बोलावणारे हेच ते हार्डी. त्या पुस्तकात त्यांनी ८७१२ आणि ९८०१ या दोन संख्यांचे उदाहरण दिले आहे. चार अंकी संख्यांत याच दोन अशा आहेत की त्या स्वतःच उलट्या लिहून येणाऱ्या संख्येच्या पूर्ण पटीत येतात: ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट आणि ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. हार्डींचा शेरा असा, की असल्या गोष्टी वर्तमानपत्राच्या कोडी-सदरात शोभतात, हौशी लोकांची त्यांनी करमणूक होते, पण गणितज्ञाला त्यात मोलाचे काही दिसत नाही.

हा शेरा कापरेकरांना उद्देशून नव्हता. पण त्यांच्या आयुष्यभराच्या कामावर तो बरोबर बसतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांनी त्यांना त्याच मापाने मोजले. अंकांशी खेळणारा मास्तर, अशी त्यांची ओळख झाली. मोठी नियतकालिके सहसा त्यांच्या वाट्याला आली नाहीत. ते स्वतःच छोट्या पुस्तिका काढत आणि त्यांवर पत्ता देवळालीचा असे.

हार्डींचा आक्षेप चुकीचा म्हणून झटकून टाकता येत नाही. अंक हा संख्येचा पोशाख आहे, संख्या नव्हे. आपल्याला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत लिहितो. आठ बोटे असती तर हीच संख्या वेगळी दिसली असती, आणि उलटसुलट सारखेपणा कुठच्या कुठे गेला असता. मूळ संख्या असणे, कुणाचा तरी वर्ग असणे हे गुण मात्र पोशाख बदलला तरी टिकतात. एखाद्याची हुशारी त्याच्या शर्टाच्या रंगावरून ठरवू नये, असे हार्डी म्हणत होते.

मात्र डेम्लोच्या बाबतीत पोशाख काढला तरी काहीतरी शिल्लक उरते, असे माझे मत आहे. वरच्या उभ्या मांडणीकडे पुन्हा पाहा. स्तंभात १, २, ३ असे चढत जाणारे आणि उतरणारे एक येतात, त्याचा दहा या आकड्याशी काही संबंध नाही. ओळी एकेक घर सरकतात, एवढेच त्याचे कारण आहे. बीजगणिताच्या तासाला बाईंनी १ + क्ष + क्ष² चा वर्ग करायला लावला होता. त्याचे उत्तर १ + २क्ष + ३क्ष² + २क्ष³ + क्ष⁴. तोच जिना. क्ष म्हणजे दहा घेतले की १२३२१ मिळते, आठ घेतले तरी आठच्या पद्धतीत १२३२१ च लिहिले जाते. दहाचा संबंध येतो तो जिना कुठे मोडतो एवढे ठरवण्यापुरता. आठच्या पद्धतीत सर्वांत मोठा अंक ७, म्हणून तिथे सात एकांच्या वर्गापर्यंत जिना धड राहतो: १२३४५६७६५४३२१. आपल्या पद्धतीत सर्वांत मोठा अंक ९, म्हणून नऊ. डोंबिवलीची सतरा अंकी संख्या शेवटची का, याचे उत्तर हे. ते हार्डींनाही मान्य झाले असते, असे मला वाटते.

आणि पोशाखातली गंमत म्हटली तरी ती काही थोडीथोडकी नाही. या संख्येतील अंकांची बेरीज करा. एक ते आठ दोनदा म्हणजे बहात्तर, आणि मधला नऊ, एकूण एक्याऐंशी. बेरीज न करताही हे कळते: उभ्या मांडणीत नऊ ओळी आणि प्रत्येकीत नऊ एक, असे एकूण एक्याऐंशी एक होते आणि हातचा कुठेच गेला नाही, मग बेरीज दुसरी असणार तरी काय? आता संख्येला ८१ ने भागा. निःशेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो अशा संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे हर्ष देणारी. साधे उदाहरण १८: एक अधिक आठ नऊ, आणि नवाने अठराला भाग जातो. नऊ वंडरफुल डेम्लो भगिनींत हर्षद फक्त तीन निघतात: १, १२३२१ आणि थोरली १२३४५६७८९८७६५४३२१. मधल्या सहाजणी नाहीत. बहुतेकींच्या बाबतीत कारण सोपे आहे. सगळ्याच संख्या विषम आहेत, मग बेरीज ४, १६, ३६, ६४ अशी सम आली की भाग जायचा प्रश्नच येत नाही. उरलेल्या दोघींच्या बेरजा २५ आणि ४९. शेवटी १ असलेल्या संख्येला २५ ने भाग जाणार नाही, आणि सात एकांच्या संख्येला ७ नेच भाग जात नाही.

थोरलीला ८१ ने भागल्यावर उरते १२३४५६७९ चा वर्ग. या आठ अंकी संख्येत ८ गायब आहे, पाहिलेत? तिला ९ ने गुणले की नऊ एक मिळतात, २७ ने गुणले की नऊ तीन, ६३ ने गुणले की नऊ सात. तिचे आणखी तुकडे करायचे तर ३७ गुणिले ३३३६६७. त्यापुढे तुकडे होत नाहीत, कारण त्या दोन्ही मूळ संख्या आहेत. म्हणजे आपली सतरा अंकी महाराणी अखेर तीन, सदतीस आणि ३३३६६७ या तीनच मूळ संख्यांची बनलेली आहे. तीन चार वेळा, बाकीच्या दोन-दोन वेळा. एवढ्या नीटनेटक्या चेहऱ्याच्या घराण्यात ३३३६६७ सारखा गृहस्थ निघावा याचे मला नेहमी नवल वाटते.

‘डेम्लो नंबर्स’ ही कापरेकरांची पुस्तिका १९४८ सालची. आपल्या भागात ती वर्षे कशी होती ते आपल्या आईवडिलांनी सांगितले आहे. कल्याण कॅम्पच्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे उतरत होती, आणि १९४९ साली त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. आपल्या वर्गातल्या निम्म्या मित्रांचे आजी-आजोबा या बराकींतले. त्याच १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी जी संख्या पुढे मांडली, तिने पुढे त्यांना जगभर नाव मिळवून दिले. ती म्हणजे ६१७४.

ही गोष्ट आता बऱ्याच जणांनी मोबाइलवर वाचली असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथून हलत नाही. आपल्या दहावीचे साल घेऊ, १९८६. ९८६१ उणे १६८९ म्हणजे ८१७२. मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सहाव्या पायरीवर ६१७४. जाता जाता, ६१७४ सुद्धा हर्षद आहे: अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागले की ३४३, म्हणजे साताचा घन.

१९६२ साली निवृत्त झाल्यावर पेन्शन पुरेना, तेव्हा ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊ लागले. चार वर्षांनी पत्नी गेली. त्यांना मूलबाळ नव्हते. तरीही संख्यांवरचे काम थांबले नाही. दारुड्याला जसा पिण्यातला आनंद सोडवत नाही, तशी आपली संख्यांच्या बाबतीत गत आहे, अशा आशयाचे ते स्वतःविषयी सांगत. ‘गणितानंद’ हे त्यांचे नाव त्याच आनंदातून आलेले. मग मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या कामावर लिहिले. गार्डनर यांचे सदर तेव्हा जगभर वाचले जाई, आणि ते मनोरंजक गणिताचे म्हणूनच प्रसिद्ध होते. हार्डींनी ज्या खोलीत असल्या संख्यांना बसवले होते, त्याच खोलीतून कापरेकर जगापुढे आले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते.

गार्डनर यांनी मुख्यतः लिहिले ते स्वयंभू संख्यांवर. २३ मध्ये तिचेच अंक मिळवा, २३ + २ + ३ = २८. म्हणजे २८ ही २३ पासून जन्मली. २० मात्र अशी कुठल्याच संख्येपासून जन्मत नाही, म्हणून ती स्वयंभू. त्यांना ‘देवळाली संख्या’ असेही नाव आहे. १९७४ साली याच संख्यांवर कोलंबियातल्या एका गणितज्ञाने अमेरिकन नियतकालिकात प्रश्न घातला, आणि काही पुस्तकांत त्या ‘कोलंबियन संख्या’ म्हणून गेल्या. त्यामुळे आजही एकाच संख्येला दोन पत्ते आहेत, एक दक्षिण अमेरिकेतला आणि एक नाशिक जिल्ह्यातला. डोंबिवलीचा पत्ता मात्र कुणी बदलला नाही.

आपण दहावीची परीक्षा दिली त्याच १९८६ साली देवळालीत कापरेकर गेले. तेव्हा आपल्यापैकी कुणाच्या कानावर ते नाव नव्हते. कसाऱ्याकडे जाणारी गाडी शहाडवरून रोज जात होती, आणि त्याच लाइनवर तीन तासांच्या अंतरावर हा माणूस राहत होता. याची मला आजही चुटपुट लागते. सर, तुम्ही हे वाचत असाल तर हा तुमच्यावरचा ठपका समजू नका. पाठ्यक्रम संपवण्याच्या घाईत तुम्ही आम्हाला त्रिकोणमिती डोक्यात बसवलीत, हेही काही थोडे नव्हते.

त्याच १९८६ साली आणखी एक गोष्ट घडली. नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांत मूळ संख्या फार थोड्या असतात. ११ मूळ आहे, एकोणीस एकांची संख्या मूळ आहे, तेवीस एकांचीही. पुढे मोठा दुष्काळ. विल्यम्स आणि डबनर या दोघांनी १९८६ साली १०३१ एक ओळीने लिहून होणारी संख्या मूळ असल्याचे सिद्ध करून प्रसिद्ध केले. ती लिहायला या स्मरणिकेचे जवळपास एक पान लागेल. अशा मूळ संख्या किती आहेत, अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे आजवर कुणालाही सिद्ध करता आलेले नाही. डोंबिवलीच्या जिन्याच्या पायथ्याशी असलेला हा प्रश्न हार्डींच्या काटेकोर मापानेही खरा गणिताचा प्रश्न ठरेल.

राहता राहिले नऊ एकांच्या पुढचे काय, ते. दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज दहा येते. शून्य लिहायचे आणि हातचा एक. तो हातचा डावीकडे शेजारच्या नवाला लागतो, त्याचेही दहा होतात, पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा. तो आठाला लागून त्याचा नऊ होतो. उजवी बाजू जशीच्या तशी, डावी बाजू विस्कटलेली:

१२३४५६७९००९८७६५४३२१

सारखेपणा गेला, आठही गेला. बहुतेक पुस्तके इथे थांबतात. पण कापरेकरांच्या नावाच्या आणखी काही संख्या आहेत. त्यांचा वर्ग करून त्याचे दोन तुकडे केले आणि ते तुकडे मिळवले तर मूळची संख्या परत येते. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ पुन्हा २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ अधिक २०९ म्हणजे ७०३. आता वरच्या विस्कटलेल्या संख्येचे उजवीकडून दहा अंक तोडा. डावीकडे राहतात १२३४५६७९०, उजवीकडे ०९८७६५४३२१. एकाखाली एक मांडा आणि बेरीज करा. नऊ एकांच्या देखण्या थोरलीला हे जमत नाही, तिच्या तुकड्यांची बेरीज ९९९९९९९९९ येते. या मोडक्या संख्येच्या तुकड्यांची बेरीज येते ११११११११११, म्हणजे आपण सुरुवातीला घेतलेले तेच दहा एक.